जेवणानंतर या

आमच्या बँकेत पूर्वी मस्टर होतं. जाड पुठ्ठ्याचं, लाल कापडी पाठीचं. त्या मस्टरमध्ये आमच्या शाखेतले बाराही जण रोज बरोबर दहा वाजता हजर होत असत. माझ्या नोकरीची पहिली बारा-तेरा वर्षं, मस्टरच्या लेखी पुराव्यानुसार, माझी स्कूटर एकदाही पंक्चर झाली नाही, मुलीला कधी ताप आला नाही आणि कऱ्हाडात सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान कधी पाऊस पडला नाही. इतका वक्तशीर सेवकवर्ग असताना पहिल्या गिऱ्हाइकाला साडेदहापर्यंत काउंटरमागे फक्त पंखाच का दिसतो, हे कोडं एकाही ऑडिटरला सुटलं नाही. सुटलं असेल तर तो बोलला नाही, कारण त्याच्याही ऑफिसात मस्टरच होतं.

मग एके दिवशी भिंतीवर यंत्र आलं. त्यावर अंगठा ठेवायचा, की ते बाईच्या आवाजात 'थँक यू' म्हणतं आणि तुमची वेळ थेट हेड ऑफिसला कळवतं. आमच्या घराण्यात आजोबा सातवी झाले, वडील मॅट्रिक झाले आणि मी बी. कॉम. होऊन पुन्हा अंगठ्यावर आलो. तीन पिढ्यांच्या शैक्षणिक प्रगतीचा हिशेब असा एका दिवसात शून्यावर टॅली झाला.

तेव्हापासून यंत्रानं गांजलेल्या कोणत्याही माणसाबद्दल मला आपुलकी वाटते. गिऱ्हाइकांचं तसं नाही. गिऱ्हाइकं यंत्रानं गांजलेली नसतात. ती आमच्यामुळे गांजलेली असतात, आणि हा फरक मला उगाचच महत्त्वाचा वाटत आला होता.

इथे एक छोटी गोष्ट सांगून ठेवतो, पुढे लागेल. आमची शाखा हायवेला लागून आहे. गेल्या डिसेंबरात दुपारी एक वाजून पंचवीस मिनिटांनी एक ट्रक ड्रायव्हर माझ्या काउंटरवर आला. के. वाय. सी. न झाल्यामुळे त्याचं खातं गोठलं होतं आणि मालकानं जमा केलेला पगार आत बर्फात अडकला होता. मी त्याला भारतीय बँकिंग व्यवसायातलं सर्वांत जुनं वाक्य ऐकवलं, "जेवणानंतर या." तो गेला नाही. समोरच्या बाकावर बसला आणि दोन मिनिटांत झोपला. झोपला म्हणजे असा झोपला की त्याच्या घोरण्यानं एफ. डी.च्या व्याजदराचा बोर्ड हलायला लागला. मी शिपायाला म्हटलं, "उठवा त्याला. बँक आहे, धर्मशाळा नव्हे." शाखेत हशा झाला. अडीच वाजता त्याचा नंबर आला तेव्हा सर्व्हर बंद पडला होता. मी म्हटलं, "उद्या या." तो म्हणाला, "उद्या बंगळूरला असेन साहेब." मी म्हटलं, "मग परवा या." माझ्या बाजूनं प्रश्न सुटला होता.

त्याच आठवड्यात अमेरिकेतून आमचा भाचा आला.

तो तिकडे 'लॉजिस्टिक्स'मध्ये आहे असं ताई सगळ्यांना सांगते. पहिली दोन वर्षं तो तिथे तर्कशास्त्र शिकवतो अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो शिकागोजवळच्या एका ट्रक कंपनीच्या ऑफिसात बसतो आणि कंपनीचे साठ ड्रायव्हर किती वेळ गाडी चालवतात, किती वेळ झोपतात, यावर लक्ष ठेवतो. तीन आठवड्यांसाठी आला होता, पण रजा एकच आठवडा. उरलेले दोन आठवडे त्यानं आमच्या हॉलमधून नोकरी केली. शिकागोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, त्यामुळे रात्री जेवणं आटोपली की याचं ऑफिस उघडायचं. झोपाळ्यावर मांडी घालून, गुडघ्यावर लॅपटॉप ठेवून, तोंडात बडीशेप टाकून आमचा भाचा अमेरिकेतली मालवाहतूक नियंत्रित करायचा. पडद्यावर नकाशा, नकाशावर हिरवे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे एकेक अठराचाकी ट्रक.

पहिल्या रात्री मी नुसता चष्मा लावून मागे उभा राहिलो. दुसऱ्या रात्री खुर्ची घेऊन बसलो. तिसऱ्या रात्रीपासून मी बिनपगारी त्या कंपनीत रुजू झालो.

त्यानं मला नियम समजावून सांगितले. अमेरिकेत मालट्रकच्या ड्रायव्हरनं दिवसात अकरा तासांवर गाडी चालवायची नाही. ते अकरा तासही ड्यूटी सुरू झाल्यापासून चौदा तासांच्या आत संपवायचे. आठ तास चालवलं की अर्ध्या तासाची विश्रांती. चौदा तास भरले की सलग दहा तास सुट्टी. आठ दिवसांत एकूण सत्तर तास. तासांवर असं बंधन तिकडे १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. त्याच सुमाराला, १९३८ साली, तिकडे जादा कामाला जादा पैसे देणारा कायदा झाला. त्यातून मात्र ट्रक ड्रायव्हरांना वगळलं. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला पैसे बहुतेक मैलावर मिळतात. चाक फिरलं तर पैसा.

"आणि हे तास मोजायचं कोण?" मी विचारलं.

"पूर्वी ड्रायव्हर स्वतःच लिहायचा. कागदाची लॉगबुकं होती."

त्यानं मला जुन्या लॉगबुकाचा फोटो दाखवला आणि मी हरखून गेलो. चोवीस तासांचे चोवीस उभे रकाने, चार आडव्या ओळी. पहिली ओळ, सुट्टीवर. दुसरी, मागच्या बर्थवर झोपलेला. तिसरी, गाडी चालवतो आहे. आणि चौथी, ड्यूटीवर आहे पण गाडी चालवत नाही. चौथी ओळ वाचून माझा ऊर भरून आला. ड्यूटीवर आहे पण काम चालू नाही! आमच्या मस्टरला ही एवढी एक ओळ असती तर आम्हाला खोटं लिहायची गरजच पडली नसती.

ड्रायव्हरनं दिवसभर पट्टीनं रेघ मारत जायचं. रेघ वर गेली की झोप, खाली आली की काम. अर्थात रेघ ज्याच्या हातात, दिवस त्याच्या हातात. मालक म्हणतो माल सकाळी पोचला पाहिजे, मैलाशिवाय पैसा नाही, मग सोळा तास चालवून अकराची रेघ मारली जायची. काही जण दोन-दोन वह्या बाळगायचे. एक पोलिसांना दाखवायची, एक स्वतःच्या माहितीसाठी. (मी कॉमर्सचा विद्यार्थी. द्विनोंदी पद्धतीचा इतका जिवंत वापर मी पुस्तकातही पाहिला नव्हता.) या लॉगबुकाला ड्रायव्हर लोक आपसात 'कॉमिक बुक' म्हणत. ते ऐकून मला आमचं लाल पाठीचं मस्टर आठवलं आणि अटलांटिकपलीकडच्या अनोळखी बांधवांसाठी गळा दाटून आला.

मग तिकडेही भिंतीवरचं यंत्र आलं. म्हणजे भिंतीवर नाही, इंजिनात. २०१२ साली कायदा झाला आणि १८ डिसेंबर २०१७ पासून सक्ती सुरू झाली. वायर थेट इंजिनाला जोडायची. ताशी पाच मैलांचा वेग आला की यंत्र स्वतःच लिहितं, 'गाडी चालवतो आहे'. ती रेघ मग ड्रायव्हरला खोडता येत नाही, कंपनीलाही कमी करता येत नाही. गाडी पाच मिनिटं उभी राहिली की यंत्र विचारतं, अजून चालवतोच आहेस ना? एक मिनिटात उत्तर दिलं नाही तर आपल्या मनानं चौथी ओळ ओढतं. इतक्या चौकशा तर लग्नाच्या पहिल्या वर्षात आमच्या घरीही झाल्या नव्हत्या.

युरोपात हा प्रकार त्याही आधीचा. तिथे १९७० सालीच वेग आणि वेळ टिपणारं यंत्र सक्तीचं करायचं ठरलं. ब्रिटनमधल्या ड्रायव्हर मंडळींनी त्याला 'केबिनमधला हेर' असं नाव ठेवलं आणि सरकारनं इतकी चालढकल केली की १९७९ साली युरोपच्या न्यायालयात ब्रिटनविरुद्ध निकाल लागला. एखादं सरकार ड्रायव्हरांच्या बाजूनं लेट मार्क घेतं, ही कल्पनाच मला हृदयस्पर्शी वाटली.

अमेरिकन कायद्यात पळवाटाही होत्या, आणि पळवाट हा माझा जिव्हाळ्याचा विषय. २००० सालाच्या आधीचं इंजिन असेल तर यंत्र लावायला नको. त्यामुळे इतर देशांत जे खटारे भंगारात जातात, ते तिकडे लोक जावयासारखे जपू लागले. गुरं वाहून नेणाऱ्यांनाही सवलत मिळाली, कारण गाईला दहा तास रस्त्यात उभं करून ड्रायव्हरनं झोपावं हे बरं नाही. त्या सवलतीत कीटकही आहेत. म्हणजे मधमाश्या. तिकडे पिकांच्या परागीकरणासाठी मधमाश्यांच्या पेट्या ट्रकनं नेतात. ट्रकभर माश्या खोळंबल्या तर त्या काय करतील याची कल्पना संसदेला आली असावी. ट्रकभर ड्रायव्हर खोळंबला तर तो काही डसत नाही.

"पण यंत्रामुळे अपघात कमी झाले असतील," मी म्हटलं. कारण माणूस कितीही पळवाटप्रेमी असला तरी शेवटी रस्त्यावरून त्यालाही जायचं असतं.

"तिथेच गंमत आहे मामा. काही प्राध्यापकांनी अभ्यास केला, २०२१ साली छापून आला. तासांचे नियम मोडणं खूप कमी झालं. अपघात मात्र कमी झालेले दिसले नाहीत. आणि छोट्या कंपन्यांचे ड्रायव्हर जास्त वेगानं गाडी हाकायला लागले."

"असं का?"

"घड्याळ चालू असतं ना."

ते 'घड्याळ चालू असणं' म्हणजे काय, हे मला त्याच आठवड्यात सत्तेचाळीस नंबरच्या ट्रकनं शिकवलं.

त्या रात्री नऊ वाजता आम्ही झोपाळ्यावर बसलो तेव्हा सत्तेचाळीस नंबर ओहायोमधल्या एका गोदामाच्या दारात उभा होता. शिकागोच्या घड्याळात सकाळचे साडेनऊ. पहाटे पाचला त्यानं ड्यूटी सुरू केली होती, म्हणजे संध्याकाळी सातला त्याचे चौदा तास भरणार. माल भरायची वेळ साडेनऊचीच दिली होती आणि तो मिनिटाला हजर होता.

दहा वाजले. ठिपका तिथेच. अकरा वाजले. ठिपका तिथेच. बारा वाजता मी भाच्याला म्हटलं, "अरे, त्याला विचार तरी." भाच्यानं गोदामाला फोन लावला, थोडा वेळ ऐकून घेतलं आणि ठेवला.

"काय म्हणतात?"

"तिथला कारकून म्हणतो, आता जेवणाची वेळ झाली. जेवणानंतर पाठवा."

मी चष्मा पुसायला घेतला.

"मग या उभं राहण्याचे तास धरत नाहीत ना?"

"चौदामधून जातात. घड्याळ थांबत नाही. पैसे मात्र मैलाचे. बहुतेक ठिकाणी पहिले दोन तास फुकटच धरतात. पुढचे मिळाले तर मिळाले."

रात्री सव्वातीनला, म्हणजे तिकडे दुपारी पावणेचारला, ठिपका हलला. मी अजून जागा होतो. एका अनोळखी अमेरिकन ट्रकसाठी मी जागलो तेवढा मुलीच्या दहावीलाही जागलो नव्हतो. आता हातात सव्वातीन तास होते आणि माल पोचवायला साडेचार तास लागणार होते. म्हणजे वाटेत कुठेतरी सातच्या आत गाडी लावून झोपणं भाग होतं.

साडेपाचला सौ. पाणी भरायला उठली. हॉलमध्ये मामा-भाचे लॅपटॉपवर वाकलेले पाहून तिला आधी वेगळीच शंका आली. सगळा प्रकार कळल्यावर ती पदर खोचून आमच्या शेजारी बसली.

"मग त्याला सांग ना, लाव कुठेतरी गाडी आणि झोप."

"मामी, जागा नाही. ट्रकतळ संध्याकाळी भरून जातात. एक भरलेला होता, तो पुढे गेलाय. दुसराही भरलाय असं आत्ताच कळवलं त्यानं."

"रस्त्याच्या कडेला लावावी."

भाचा जरा वेळ गप्प बसला. मग त्यानं जेसन नावाच्या ड्रायव्हरची हकीकत सांगितली. २००९ सालची, साउथ कॅरोलायनामधली. माल उतरवायची वेळ व्हायची होती, जवळपास सुरक्षित जागा नव्हती, म्हणून त्यानं एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर ट्रक लावला. तिथे त्याला गोळी घातली. त्याच्याजवळ सात डॉलर होते. त्याच्या बायकोनं खटपट केली आणि ट्रकना उभं राहायला जागा हवी असा कायदा त्याच्या नावानं झाला. तो २०१२ च्या त्याच कायद्यात आहे, ज्यात यंत्र आहे.

"यंत्रं सगळ्यांना मिळाली मामी. जागा अजून पुरत नाहीत."

आमच्या हॉलमध्ये शांतता पसरली. मग मी माझ्या चोवीस वर्षांच्या अनुभवाला कामाला लावलं.

"बर्फ पडलं असं लिहावं."

"अचानक बर्फ पडलं तर दोन तास वाढवून मिळतात. पण आज तिकडे लख्ख ऊन होतं."

"मग गाडी स्वतःच्या कामासाठी नेली म्हणावं," सौ. म्हणाली.

भाचा चकित झाला. "मामी, असा नियम खरंच आहे! पण माल भरून लगेच जवळच्या जागी झोपायला गेला तर. हा तीन तास पुढे आलाय." अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा नियम सौ.नं न वाचता काढला, त्याचं मला आश्चर्य वाटलं नाही. गाडी स्वतःच्या कामासाठी नेणं हा आमच्या घरातला मूळ नियमच आहे.

सहा पंचवीस झाले. म्हणजे तिकडे सहा पंचावन्न. ठिपका हायवे सोडून एका गावात शिरला, एका गल्लीत गेला, परत फिरला. सौ.नं नकळत हात जोडले. साडेसहा वाजले आणि ठिपका लाल झाला. सहा मिनिटांनी तो एका बंद झालेल्या फर्निचरच्या दुकानाच्या अंगणात थांबला.

"सहा मिनिटं जादा. नोंद झाली," भाचा म्हणाला. "उद्या त्याच्याकडून खुलासा मागावा लागेल."

"आणि त्या गोदामातल्या कारकुनाकडून?" सौ.नं विचारलं. "ज्यानं सव्वासहा तास उभं केलं त्याच्या नावापुढे काही लाल होतं का?"

"त्याला कुठे यंत्र असतं मामी?"

सौ. चहा टाकायला गेली. जाताना माझ्याकडे पाहून गेली. तिला काहीच माहीत नव्हतं. पण बायकांना माहीत असावं लागत नाही.

त्या दिवशी मी अंगठा ठेवला तेव्हा दहा बावीस झाले होते. यंत्रानं 'थँक यू' म्हटलं आणि मॅनेजरसाहेबांनी खुलासा मागितला. सत्तेचाळीस नंबरचा ट्रक ओहायोमध्ये अडकला होता, हा खुलासा मी मनातच ठेवला आणि 'स्कूटर पंक्चर' असं लिहून दिलं.

दुपारी एक पंचवीसला तो ड्रायव्हर पुन्हा काउंटरवर आला. तोच. डोळे लाल, हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. त्यानं माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाला, "जेवणानंतर येतो साहेब." आणि वळला.

"अहो, थांबा! म्हणजे थांबू नका. या, या इकडे."

शेजारच्या काउंटरवर डबा उघडत असलेले सहकारी डबा तसाच धरून माझ्याकडे पाहू लागले. मी त्याचे कागद घेतले, फॉर्म स्वतः भरला, दोन सह्या घेतल्या. देवाच्या दयेनं सर्व्हर चालू होता. सगळं काम अकरा मिनिटांत झालं. चोवीस वर्षांत हे काम अकरा मिनिटांचं आहे हे मलाही ठाऊक नव्हतं.

काम होताना मी त्याला विचारलं, "दिवसाला किती तास गाडी चालवता हो?"

"डोळे मिटेपर्यंत," तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं, की आपल्याकडे १९६१ सालीच कायदा झाला होता, दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. २०२१ साली गडकरीसाहेबांनीही म्हटलं होतं, की विमानाच्या पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचेही तास ठरले पाहिजेत. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "कोणाचे, साहेब?"

मी पासबुक छापून त्याच्या हातात दिलं. तो हलेना. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "किती द्यायचे?"

मला राग आला. मग लक्षात आलं, की या माणसाचं काम वेळेत कोणी केलं तर त्याला काहीतरी द्यावं लागतं, एवढाच त्याचा आजवरचा हिशेब आहे, आणि त्या खात्यावर माझ्याही सहीची एक नोंद आहे. "काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही मागच्या वेळी थांबला होतात ना, त्यात फिटलं." त्याचा काही विश्वास बसला नाही. दारापर्यंत जाऊन त्यानं पासबुकातली शिल्लक दोनदा तपासली.

मी खिडकीतून पाहत राहिलो. वाटलं, आता गाडी सुरू करील. पण तो केबिनमध्ये चढला, पडदा ओढला, आणि खिडकीतून दोन पाय बाहेर आले. झोपला. मी डबा उघडला नाही. उगाचच पावणेतीनपर्यंत त्या पायांवर लक्ष ठेवून बसलो.

भिंतीवरच्या यंत्रात यातलं काही नाही. त्याच्या हिशेबी त्या दिवशी मी फक्त बावीस मिनिटं उशिरा आलो होतो.